सुपरमॅनच्या ग्लासवरचा लाल रंग

मी रायपूरहून बोलतेय. ऐकणाऱ्यांमध्ये महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं बरीच असतात, तेव्हा 'रायपूरला मराठी कशी?' असं तुम्ही विचारणार नाही. तरी कुणाला ठाऊक नसेल तर एका दमात सांगून टाकते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगड घेतलं, त्यांच्यामागून शिपाई आले, कारकून आले, भटजी आले. पुढं रेल्वे आली, शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना आला, आणि माणसं इथलीच होऊन गेली. तात्यापारा नावाची वस्ती आजही गावात आहे.

आजचा विषय मात्र ग्लासांचा आहे. पाणी प्यायचे ग्लास. आमच्याकडं हिंदीच्या संगतीनं 'गिलास' म्हणतात, घरात पेला म्हणतात. माझ्या फडताळात असे सत्तरेक ग्लास आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर सुपरहिरोंची चित्रं आहेत. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन, हल्क, वंडर वुमन. माझ्या वयाच्या बाईनं हे जमवावं याचं लोकांना हसू येतं. साड्या जमवल्या असत्या तर कुणी हसलं नसतं, आणि खर्च मात्र दहापट झाला असता.

पहिल्यांदा हे ग्लास आले कुठून ते सांगते. त्यांचं माहेर अमेरिका. तिकडं १९७३ साली पेप्सीनं लूनी ट्यून्सच्या पात्रांचे ग्लास काढले. खाण्याच्या दुकानात पेय घ्यायचं आणि ग्लास घरी न्यायचा, अशी योजना. मुलांनी आईबापांना त्याच दुकानात पुन्हा पुन्हा ओढून नेलं, कारण एक ग्लास आला की संच पुरा करायची हौस सुटते. १९७६ मध्ये पेप्सीनं डीसी कॉमिक्सच्या पात्रांचा संच काढला. त्यात प्रत्येक पात्राच्या मागं एक मोठं गोल वर्तुळ आहे, म्हणून जमवणारे त्यांना 'मून ग्लास' म्हणतात. १९७७ मध्ये सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीनं मार्व्हलचे ग्लास काढले. त्यात स्पायडरमॅन, हल्क, थॉर. १९७८ मध्ये पेप्सीचा आणखी एक सुपरहिरोंचा संच आला. म्हणजे सुगीचा काळ जेमतेम पाचसहा वर्षांचा.

आता गंमत बघा. ज्या १९७७ मध्ये तिकडं हे सगळं भरात होतं, त्याच वर्षी कोका-कोला भारत सोडून गेली. इथली भांडवलातली मालकी कमी करा असं सरकारनं परकीय चलनाच्या कायद्याखाली सांगितलं, ते कंपनीला पटलं नाही. पेप्सी तेव्हा भारतात नव्हतीच. ती १९९० मध्ये 'लहर पेप्सी' होऊन आली, आणि कोका-कोला परतली ती १९९३ मध्ये. म्हणजे या ग्लासांचा सुकाळ होता तेव्हा आपल्याकडं ते वाटणारं कुणी नव्हतं. आमच्या पिढीला सुपरहिरो मिळाले ते कागदावर. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मराठी अंकांत वेताळ आणि जादूगार मँड्रेक घरोघर पोचले. रायपूरला हिंदी अंकही सर्रास मिळायचे, त्यामुळं आम्हाला एकाच माणसाची दोन नावं पाठ होती, मराठीत वेताळ आणि हिंदीत वेताल. पुढं ऐंशीच्या दशकात राज कॉमिक्सचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव आले, दूरदर्शनवर स्पायडरमॅन आला. पण कवटीच्या अंगठीवाल्या वेताळाच्या ग्लासातून दूध प्यायचं भाग्य काही आलं नाही.

त्यामुळं माझ्या फडताळात तीन जातींचे ग्लास आहेत. पहिली जात सूटकेसमधून आलेली. नात्यातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला असतंच. तिकडं लोक अंगणात जुन्या वस्तू मांडून विकतात, तिथून उचललेले हे ग्लास स्वेटरात गुंडाळून मुंबईला उतरतात आणि हावडा मेलनं रायपूरला येतात. येणाऱ्यानं बदाम आणि चॉकलेटं आणायची सोडून मळकट ग्लास आणले म्हणून त्याच्या बायकोनं त्याला बोललेलंही असतं. दुसरी जात मॉलमधली, रीतसर परवाना घेतलेली, नवी. तिसरी जात आमच्या गोल बाजारातली, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिच्यावर आहे. त्यातल्या एका ग्लासवरच्या वीराच्या छातीवर सुपरमॅनचा 'एस' आहे, तोंडावर कोळ्याचा मुखवटा आहे आणि पाठीवर वटवाघळाचे पंख. बुडाला नाव नाही, गाव नाही. विचारलं तर दुकानदार म्हणतो, "फिरोजाबाद का माल है, दीदी." न्यूयॉर्कच्या वकिलांनी हा ग्लास पाहिला तर एका ग्लासवर तीन खटले होतील.

या तिन्ही जातींच्या वर, फडताळाच्या माथ्यावर, ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाची एक काच ठेवली आहे. ती पेला नाही, तिच्यावर चित्र नाही. पण तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला आणि १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला, हे काच जमवणाऱ्या मराठी माणसानं विसरू नये एवढ्यासाठी ती तिथं आहे. असो.

आता मुद्द्यावर येते. चित्र काचेवर बसतं कसं?

लोकांना वाटतं साधा रंग लावलाय. तसं नसतं. जुन्या ग्लासवरचं चित्र म्हणजे काचेवर बसवलेली काचच. रंगीत काच मैद्यासारखी बारीक दळायची, तेलकट द्रवात कालवायची आणि जाळीच्या पडद्यातून ग्लासवर छापायची. लग्नपत्रिका छापतात त्या स्क्रीन प्रिंटिंगसारखंच, फक्त इथं कागद गोल असतो. एका रंगाला एक पडदा. छापून झालं की ग्लास लांबलचक भट्टीतून सरकवायचा, साधारण ६०० अंश सेल्सियसला. तिथं वरची दळलेली काच वितळून खालच्या काचेला धरते.

इथंच खरी मेख आहे. वरची काच वितळली पाहिजे, पण तोवर खालचा ग्लास मऊ पडून वाकडा होता कामा नये. म्हणजे वरची काच कमी उष्णतेला वितळणारी हवी. शिसं घातलं की ते साधतं, वर चकाकीही येते. शिवाय भट्टीतून निघूनही भडक राहणारे पिवळे, नारिंगी आणि लाल रंग हवे असतील तर कॅडमियमची संयुगं लागतात. कॅडमियम आणि गंधकाचं संयुग पिवळं, त्यात सेलेनियम मिसळत गेलं की नारिंगी आणि मग रक्तासारखं लाल.

आता सुपरमॅन डोळ्यांसमोर आणा. लाल झगा, लाल बूट, पिवळा पट्टा, छातीवर लाल-पिवळं चिन्ह. वंडर वुमनची लाल चोळी. फ्लॅश तर जवळजवळ नखशिखांत लाल. कॉमिक्सच्या स्वस्त छपाईत उठून दिसावेत म्हणून या मंडळींना असे ठसठशीत मूळ रंग दिले गेले, आणि काचेवर उतरवताना नेमके तेच रंग या विषारी धातूंवाचून निभेनात. दुष्टांशी लढणाऱ्याच्या झग्यातच विष, असला योगायोग कादंबरीत लिहिला तर कुणी खरा मानणार नाही.

हा माझा तर्क नाही. २०१० च्या नोव्हेंबरात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं अमेरिकेत विकले जाणारे सुपरमॅन, वंडर वुमन आणि विझर्ड ऑफ ऑझचे नवे ग्लास तपासून घेतले. त्यांच्या रंगांत शिशाचं प्रमाण १६ ते ३० टक्के निघालं. लहान मुलांच्या वस्तूंसाठी तिथली मर्यादा होती ०.०३ टक्के. म्हणजे हजारपटीपर्यंत. विकणारी कंपनी म्हणाली, हे ग्लास मुलांचे नाहीतच, ते जमवणाऱ्या मोठ्या माणसांचे आहेत. तरी तिनं विक्री थांबवली. सुपरमॅनचं चित्र बघून आधी कोण हात पुढं करतं, हे ज्याच्या घरात मूल आहे त्याला विचारा. त्याच वर्षी जूनमध्ये मॅकडॉनल्ड्सनं श्रेक या हिरव्या राक्षसाचे ग्लास परत मागवले होते, १ कोटी २० लाख. तिथं कॅडमियम होतं. प्रमाण फार नव्हतं, पण मूल ग्लास हाताळणार, तोच हात तोंडात घालणार, असं वर्षानुवर्षं चालणार, म्हणून खबरदारी घेतली.

नंतर इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी २०१७ मध्ये ७२ नव्या-जुन्या ग्लासांवर १९७ चाचण्या केल्या. त्यातल्या १३९ चाचण्यांत शिसं सापडलं, १३४ मध्ये कॅडमियम. त्यात बाजारातले नवे ग्लासही होते. म्हणजे 'हा काय सत्तरच्या दशकातला थोडाच आहे' असं म्हणून सुटका नाही.

उगीच घाबरवायचं नाहीये. ग्लास आतून साधी काच असते, रंग बाहेरून. आतल्या पाण्यात शिसं उतरतंय असं समजून आजच सगळं फेकायला निघू नका. रंग पोटात जाण्याचे रस्ते वेगळे आहेत. एक म्हणजे ओठ. चित्र काठापर्यंत गेलं असेल तर ओठ रंगावरच टेकतो. म्हणून तपासणीत काठापासून २० मिलिमीटरचा पट्टा वेगळा धरतात. आणि आपण पितो काय? लिंबाचं सरबत, कैरीचं पन्हं, कोकम. आंबटाला शिसं लवकर सुटतं, आणि आंबट ओघळ काठावरून खाली येतोच. दुसरा रस्ता हात. आणि तिसरा आपल्या स्वयंपाकघराचा खास, घासणं. आमच्या आयांनी राख आणि नारळाच्या शेंडीनं घासलं, आपण तारेनं घासतो. त्याच तारेनं मग बाळाची वाटी.

हे कळल्यापासून जुन्या ग्लासांकडं बघायची माझी नजर बदलली. जुना ग्लास हातात घेतला की त्याची एक बाजू टकली दिसते. उजव्या हातानं धरणाऱ्याचा अंगठा जिथं येतो तिथला रंग आधी जातो, मग बोटांच्या जागा. माझ्याकडच्या एका मून ग्लासवर बॅटमॅनचा चेहरा पुरा गेलाय, फक्त कान उरलेत. बाजारात असल्या ग्लासला किंमत नाही. जमवणाऱ्यांना हवा असतो खोक्यातून न निघालेला, ज्यात कुणी कधी थेंबभर प्यालेलं नाही असा. मला मात्र झिजलेलाच आवडायचा. वाटायचं, हा कुणाच्या तरी रोजच्या दुधाचा ग्लास. कुणीतरी दुसऱ्या ग्लासात प्यायला नकार देऊन आईला पिडलं असेल.

तेव्हा ती झीज मला प्रेमाची खूण वाटायची. आजही वाटते. पण तिथला रंग गेला कुठं, हा प्रश्न आता सुटत नाही. थोडा मोरीत गेला असेल, थोडा फडक्यावर. आणि थोडा त्या मुलाच्या बोटांवरून. ज्याचा ग्लास सर्वांत लाडका त्यालाच सर्वांत जास्त. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि माझ्याच्यानं यातलं एकही खोडून काढवत नाही.

माझी नात सात वर्षांची आहे. तिनं एकदा सरळ सुपरमॅनचा ग्लास मागितला. मी नाही म्हटलं. का, तर त्यातून प्यायचं नसतं. ती म्हणाली, "आजी, मग हा ग्लास कसा?" मी तिला शिसं म्हणजे काय, मुलांच्या मेंदूला ते कसं बाधतं, असं जमेल तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या मुलांना कुणी सांगितलं नाही का?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या काळी कारखान्यांना शिसं माहीत होतं, तक्रारीही झाल्या. पण सत्तरच्या दशकात दुकानाच्या गल्ल्याशी उभ्या असलेल्या आईला कुणी सांगितलं नसणार. आपल्याकडं घराच्या भिंतींच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, म्हणजे दहा लाख भागांत ९०, हा नियम अमलात आला २०१७ च्या नोव्हेंबरात. गोल बाजारातल्या माझ्या तीन-वीर-एकात-एक ग्लासच्या रंगात काय आहे, हे ना विकणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला. सराफाकडं सोन्याचा कस दाखवणारं यंत्र असतं, क्ष-किरणांवर चालणारं. रंगातलं शिसं ओळखायचं तंत्र तेच आहे. पण ते यंत्र सोन्यासाठी लावलेलं असतं, तेव्हा ग्लास घेऊन सदर बाजारात जाऊ नका, सराफ हसेल. माझा नियम साधा आहे. चित्र बाहेरून असलेला आणि कुणी बनवला ते न कळणारा ग्लास मुलांच्या हाती नाही.

मग ठेवायचे तरी कशाला, असं घरातले विचारतात. देऊन का टाकत नाहीस? पण देणार कुणाला? भंगारात दिला तर तो ग्लास पुन्हा कुणाच्या तरी चहाला लागतो. कबाडी काही फोडत बसत नाही. धड ग्लास दोन रुपयांना पुढं जातो, आणि ज्याच्या घरी जातो त्याच्याकडं मुलासाठी दुसरा ग्लास नसतो. हे मी बघितलंय. तेव्हा माझ्या फडताळात बंद असलेला प्रत्येक जुना ग्लास निदान कुणाच्या ओठाला लागत नाहीये. संग्रहाचं हे समर्थन थोडं सोयीचं आहे, मान्य. पण खोटं नाही.

शिवाय वस्तू वापरातून उठल्यावरच तिच्याकडं नीट बघणं होतं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. दिनकर गंगाधर केळकरांनी राजवाड्यातल्या मौल्यवान चिजांच्या जोडीला अडकित्ते जमवले, वज्र्या जमवल्या, दिवे जमवले. पाय घासायच्या वज्रीला कुणी वस्तू तरी म्हणत होतं का? १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. माझं फडताळ त्याच्यापुढं काहीच नाही. पण तिथं गेलं की मला बळ येतं.

फक्त एक अडचण आहे. आपल्या पितळी-स्टीलच्या भांड्यांवर ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाला, कुठल्या मुंजीत, तारखेसकट. सत्तर वर्षांनी तांब्या हातात घेतला तरी तो आपली हकीकत सांगतो. काचेच्या ग्लासवर नाव घालता येत नाही. म्हणून मी प्रत्येक ग्लासात एक चिठ्ठी ठेवते. कुठून आला, कुणी आणला, कळलं तर कोण त्यातून पीत होतं. आणि खाली लाल शाईत, 'यातून पिऊ नये'. मी नसेन तेव्हा फडताळ उघडणाऱ्याला पहिल्यांदा तेवढंच वाचायला मिळावं.

तुमच्याकडं असा एखादा ग्लास असेल तर काही कामाच्या गोष्टी सांगते. तो आधी उलटा करा. बुडाच्या काचेत खूण असते. वळणदार 'एल' असेल तर लिबी, ढालीत 'एफ' असेल तर फेडरल, नांगर असेल तर अँकर हॉकिंग. आपल्या जुन्या ग्लासांच्या बुडाला 'येरा' असं उठावाचं नाव सापडेल. चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत साल असतं, पण त्यावर विसंबू नका. ते पात्राच्या हक्काचं साल असतं, ग्लासचं नव्हे. मॅकडॉनल्ड्सचे गारफिल्ड मांजराचे मग निघाले १९८७ मध्ये आणि त्यांच्यावर छापलंय १९७८. त्या सालावर भुलून नऊ वर्षं जास्तीची किंमत मोजणारे खूप आहेत. धुवायचा तर हातानं, कोमट पाण्यात, मऊ फडक्यानं, वेगळ्या पातेल्यात. उन्हात ठेवू नका.

आणि एकात एक कधीही घालू नका. वरच्या ग्लासचा बाहेरचा रंग खालच्याच्या आतल्या बाजूला घासतो, म्हणजे जी बाजू स्वच्छ होती तीही गेली. शिवाय ते अडकतात. अडकलेच तर ओढाताण नको. वरच्यात गार पाणी भरा, खालचा कोमट पाण्यात उभा करा आणि थोडं थांबा. वरचा आकसतो, खालचा फुगतो, आणि हळूच फिरवलं की बॅटमॅन सुपरमॅनच्या पोटातून सुटून वर येतो.